फोटोबाईंच्या लेन्सची आंघोळ

कॅमेऱ्याच्या दुकानामागे एक लहानशी खोली होती. खिडकी उत्तरेची, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, आणि डोक्यावर पंखा असून तो कायम बंद, कारण पंख्याने धूळ उडते. त्या खोलीत काचकाका बसत. सगळा बाजार त्यांना याच नावाने ओळखायचा. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. लोकांच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सा स्वच्छ केल्या, एवढंच.

पण ते काम बघावं तर काकांकडूनच. आधी रबरी फुग्याने हवा, म्हणजे मोकळी धूळ आपसूक उडते. मग मऊ कुंचला, म्हणजे हट्टाने बसलेली उठते. मग द्रवाचा एक थेंब. कागदावर बरं का, काचेवर कधीच नाही. आणि मग तो कागद काचेच्या मधोमध टेकवून गोल गोल कडेपर्यंत न्यायचा, तान्ह्या बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा इतक्या हलकेच. हवा, कुंचला, थेंब, कागद. हा क्रम मोडणाऱ्याला काकांच्या दरबारात क्षमा नव्हती.

कोणी काचेवर तोंडाने वाफ सोडून शर्टाच्या बाहीने पुसली, असं नुसतं कळलं की संपलं. काका आधी चष्मा काढून ठेवत, मग गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देत, आणि मग सुरू होत. देवाने माणसाला डोळे दिले, त्यांना पापण्या दिल्या, पापण्यांना केस दिले. एवढी काळजी त्याने घेतली आणि तू काय घेतोस, इथपासून आरंभ. मध्ये दोन-चार गोष्टी, एखादी नक्कल, आणि फिरून फिरून त्याच ओळीवर यायचं: "फुंकर नाही, वाफ नाही, बाही तर नाहीच नाही!" दुकानाचे मालक बाहेरून ओरडत, "लागलं रे बाबा कीर्तन!" आणि कान देऊन ऐकत. शेजारचा घड्याळवालाही हातातलं काम ठेवून दारात येई. ज्याची खरडपट्टी निघायची तोही जाताना हसत जायचा आणि वर्षभराने पुन्हा तसलंच काही तरी करून यायचा.

पण हे सगळं फोटोबाई होत्या तेव्हाचं.

फोटोबाई म्हणजे काकांची बायको. हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. वर्गावर्गांचे सामूहिक फोटो काढायचं त्यांचं काम. उंच मुलं मागे, बुटकी पुढे बसलेली, मध्ये शिक्षिका, आणि शेवटच्या क्षणी कोणी तरी डोळे मिटणारच. संध्याकाळी घरी आल्या की बाई कॅमेऱ्याची लेन्स काढून जेवणाच्या टेबलावर, काकांच्या ताटाच्या जागी ठेवत आणि म्हणत, "बाळाला आंघोळ घाला." काका लेन्स उजेडात धरून बघत आणि कपाळाला हात लावत. "पुन्हा बाहीने पुसलीस?" "पुसली. पुढच्या रांगेतला शिंकला. त्याचा शेंबूड तुमच्यासाठी घरी आणू का?" हे भांडण रोजचं. काकांनी समोर बसवायला एक साधी काच दिली होती, संरक्षणाची, म्हणजे काय पडायचं ते तिच्यावर पडेल आणि लेन्स वाचेल. बाईंनी ती एकदाही लावली नाही. म्हणायच्या, "पोरांच्या आणि माझ्यामध्ये आधीच काय कमी काचा आहेत?" कॅप हरवायच्या म्हणून काकांनी कॅपला काळा दोरा बांधून दिला, तेवढा मात्र त्यांनी राहू दिला.

मग एका दुपारी बाई शाळेतून आल्या, लेन्स टेबलावर ठेवली, "जरा पडते" म्हणाल्या आणि पडल्या त्या पडल्याच. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी लेन्सची आंघोळ राहिली. आल्यागेल्यांची गर्दी झाली तेव्हा काकांनीच ती उचलली, कॅप लावली, बॅगेत ठेवली, बॅगेला टॉवेल गुंडाळला आणि कपाटात थंडीच्या पांघरुणांखाली सरकवून दिली.

त्यानंतर काकांना काही झालं नाही. म्हणजे बघा, रडू आलं नाही, झोप उडाली नाही, जेवण सुटलं नाही. वेळेवर उठायचे, वेळेवर दुकानात जायचे, पुढ्यात आलेलं खायचे. भाजीत मीठ नसलं तरी खायचे. जणू ती बाईंनी न लावलेली साधी काच कोणी आणून त्यांनाच आटे फिरवून घट्ट बसवली होती. जे काही यायचं ते तिच्यापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं.

परवाचीच गोष्ट. लग्नांचे फोटो काढणारा एकजण लेन्स घेऊन आला. "काका, ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली होती. आता फिरताना करकर वाजते."

आटे तांदळाच्या पिठाने भरले होते. बाहेर मालकांनी रेडिओ बारीक केला. काचकाका आणि तांदळाचा डबा! असला मासला पुन्हा मिळायचा नाही.

काका म्हणाले, "परवा या."

फोटोवाला घुटमळला. "काका, रागावत नाही का?"

"परवा या. संध्याकाळी."

तो बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्याने. मालकांना हळूच म्हणाला, "काकांची तब्येत बरी नाही का हो?" मालकांनी रेडिओ पुन्हा मोठा केला.

घरी आता दोघंच, काका आणि त्यांची लेक. तिचं पाळण्यातलं नाव छकुली, आणि मोठी झाली तरी काकांच्या तोंडी तेच राहिलं. आईबरोबर जाऊन जाऊन ती फोटोच्या कामात तयार झाली होती. त्या दिवशी तिने चहाचा कप काकांपुढे ठेवला आणि उभीच राहिली.

"बाबा, शाळेतून पुन्हा फोन आला होता. आईचे राहिलेले वर्ग."

काका चहा प्यायले.

"अर्धे वर्ग आईने काढलेत. उरलेले त्यांनी आपल्यासाठी ठेवलेत, दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. पण शनिवारी मोठ्या वर्गाचा शेवटचा दिवस आहे. ती मुलं एकदा पांगली की पुन्हा एका रांगेत यायची नाहीत."

"मग काढ की."

"माझ्या कॅमेऱ्यात मावत नाहीत. अंगण अरुंद, भिंतीला टेकले तरी दोन्ही टोकांची मुलं कापली जातात. आईची रुंद लेन्सच लागते. आणि ती लेन्स आईच्याच कॅमेऱ्याला बसते."

"ती स्वच्छ नाही."

छकुलीने कंबरेवर हात ठेवले. अगदी आईसारखी. "बाबा, कोणाच्या घरात बोलताय तुम्ही हे? तुमच्याच ना?"

काका कप विसळायला उठले. आधी विसळलेलाच कप त्यांनी पुन्हा विसळला. लेकीचा आवाज खाली आला. "तुम्हाला नको असेल तर सांगा. मी शाळेला नाही म्हणून कळवते. पण काही तरी सांगा, बाबा. हो म्हणा, नाही म्हणा, ओरडा माझ्यावर. या घरात कोणी तरी काही तरी बोला."

"बघतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक बाहेर गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. पांघरुणं काढली, टॉवेल सोडला, बॅगेची चेन ओढली. कुबट वास आला. ज्याने साऱ्या बाजाराला बजावलं की बाबांनो, लेन्स कोंडू नका, तिला उजेड दाखवा, वारा दाखवा, त्याच माणसाने स्वतःच्या घरची लेन्स पांघरुणात गुदमरवली होती. त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. टॉर्च लावून त्यांनी मागून आत पाहिलं. आतल्या काचेच्या कडेला बुरशी धरली होती, कोळ्याच्या जाळ्याच्या एखाद्या धाग्यासारखी. अजून वेळ होता, फार नव्हता.

मग त्यांनी दोरा धरून समोरची कॅप काढली.

काचेवर अंगठा होता.

पुसलेला, फराटलेला नाही. नीट टेकवून उचललेला, स्पष्ट, पूर्ण. आणि त्याच्यावरून आडवी एक रेघ. फोटो कापायच्या पात्याने बाईंचा अंगठा फार पूर्वी चिरला होता, तेव्हापासून तिथे व्रण होता. दुसऱ्या कोणाचा असण्याचा प्रश्नच नव्हता. दमून आल्या असतील, कॅप चाचपडताना बोट लागलं असेल. शेवटचंच.

काचेवरचा अंगठा असा ठेवून चालत नाही, हे काकांनी किती जणांना सांगितलं असेल! बोटाला तेल असतं, घाम असतो. तो काचेवर मुद्दाम चढवलेला पातळ लेप खात बसतो. पुसावाच लागतो, आणि लवकर. पुसला की गेला. त्यांनी कॅप लावली आणि लेन्स छातीशी धरून दुकानात नेली. बसमध्ये कोणी धक्का देऊ नये म्हणून चालतच गेले.

मालकांनी लेन्स पाहिली आणि ओळखली. काकांचे ते तरुणपणापासूनचे दोस्त. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, पण आधी हात पुसून त्याने ती हातात घेतली.

"बाईंची रे ही."

"हं."

मालकांनी टॉर्चने आत पाहिलं. "बुरशी लागलीय! तुझ्या घरात? अरे, हे म्हणजे डॉक्टरच्या पोराला..." बोलता बोलता थांबले. "बरं, खोलशील आणि काढशील, त्यात काय. तुझ्या हातचा मळ आहे." मग समोरून पाहिलं. "आणि हा अंगठा."

"तिचा."

मालक खुर्चीत बसले. म्हणाले, "दुकानात या कॅमेऱ्याला बसणारी एखादी असती ना, तर आत्ता काढून दिली असती तुला. नाहीये रे. असली जुनी चीज आता कोण ठेवतो?"

"माहीत आहे."

"मग फोटो काढून ठेव त्याचा. अंगठ्याचा. जवळून."

"घरभर फोटोच आहेत," काका म्हणाले. "तिने काढलेले. हा तिने काढलेला नाही. लागलाय."

मालकांनी उगाच एका गिऱ्हाइकाला हाक मारली, जो गिऱ्हाईक नव्हताच, नुसता सावलीला उभा होता.

काकांनी खोलीत येऊन हात धुतले, कोरडे केले, लेन्स पांढऱ्या कापडावर ठेवली. धातूचं कडं काढलं, आटे सोडवले, एकेक भाग काढून क्रमाने मांडला. बुरशीची काच सापडली. हवा, कुंचला, थेंब, कागद. हात काम करत होते, काका नुसते हातांच्या मागे बसले होते. धागा निघाला, खाली काच शाबूत होती. दुसरं कोणाचं काम असतं तर त्यांनी समाधानाने जीभ टाळूला लावून 'टक्' केलं असतं. ते झालं नाही. सगळं पुन्हा जोडलं. आता समोरची काच उरली होती. ती त्यांनी पुढ्यात ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

छकुली आली तेव्हा दुसऱ्या दिवसाची, शुक्रवारची दुपार उतरायला लागली होती. ती स्टुलावर बसली, गिऱ्हाइकांसारखी.

"झाली?"

"आतली झाली. हे बघ."

तिने टेबलावर कोपरं टेकून वाकून पाहिलं. आधी तिला नुसता डाग दिसला. मग ती रेघ दिसली. ती मागे सरकली आणि तिचे ओठ आत ओढले गेले.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "नका पुसू. मी अशीच वापरते."

"मधोमध आहे. मधली पोरं धुरकट येतील."

"येऊ देत. जरा धुरकट आली म्हणून काय होतं?"

काकांनी प्रथमच तिच्याकडे नीट बघितलं. "एक पोरगा हलला म्हणून तुझी आई सबंध वर्गाला पुन्हा उभी करायची. त्या मुलांना हा एकच फोटो मिळणार. म्हातारी होतील तेव्हा बघतील आणि विचारतील, आमच्यामध्ये हे धुकं कसलं? त्यांना काय सांगशील, माझ्या बाबांना पुसवेना?"

छकुलीने आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी घ्यायची तसे.

काकांनी फुगा उचलला. हवा. मग कुंचला. मग कागदावर एक थेंब. कागद त्यांनी काचेवर, रेघेच्या बरोबर वर धरला, आणि त्यांना वाटलं, आता काही तरी होईल. इतके दिवस जे आलं नाही ते आता येईल, हात थरथरेल, डोळे भरतील. त्यांनी वाटही पाहिली. हात थरथरला नाही. त्यांनी कागद टेकवला आणि गोल, गोल, गोल, कडेपर्यंत नेला. दुसरा कागद कोरडा फिरवला. काच उजेडात धरली. निर्मळ होती. जगात कोणाची नसेल इतकी निर्मळ.

"झाली," ते म्हणाले.

काही झालं नव्हतं. बाहेर रेडिओ चालू होता. घड्याळवाल्याकडची सगळी घड्याळं एकमेकांशी न जुळता टिकटिक करत होती. काकांनी वापरलेला कागद डब्यात टाकला, मग पुन्हा काढून घडी केली, मग पुन्हा टाकला. "घेऊन जा. कॅप दोऱ्याने बांधलेलीच आहे."

लेकीने लेन्स हातात घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पाण्यातून तिला काचेवर एक ठिपका दिसला. असेल धुळीचा, नसेलही. तिने विचार केला नाही. आईच्या पाठीमागे फिरून फिरून अंगवळणी पडलेलं. लेन्स तोंडाजवळ नेली, "हा" करून ऊन वाफ सोडली आणि बाही खाली ओढली.

"अगं!" काका अर्धे उठले.

आणि तसेच राहिले.

काचेवर धुकं धरलं होतं, आणि धुक्यात अंगठा होता. तीच वळणं, तीच आडवी रेघ, जिथल्या तिथे. क्षणभर दिसला. मग कडेकडून धुकं विरत आलं, अंगठा आकसत गेला, आणि काच पुन्हा निर्मळ झाली.

छकुलीची बाही हवेतच होती. "बाबा... पुसलात ना तुम्ही?"

काकांनी लेन्स तिच्याकडून घेतली, तिरकी केली, सरळ केली. काही दिसत नव्हतं. कागदावर नखभर मळही येणार नाही अशी काच. ते हळूहळू बोलले, जणू दुसऱ्याच कोणाला समजावत होते. "लेप खाल्लाय त्याने. फार दिवस राहिला ना. वरचं तेल निघालं, पण खालचा लेप तेवढ्या जागी बदलला. जुन्या काचांचं होतं असं. आता तो पुसला जायचा नाही. मी पुसला तरी नाही."

"फोटोत दिसेल?"

"नाही. फोटोत काही येणार नाही. नुसत्या डोळ्यांनाही नाही. फक्त..."

फक्त काय, ते त्यांना म्हणवेना. जन्मभर ज्याच्यासाठी लोकांना स्टुलावर बसवून धुतलं, तेच.

"पुन्हा कर," काका म्हणाले.

लेकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वाफ? काचेवर? बाबा, तुम्हीच तर..."

"कर म्हणतो ना!"

तिने लेन्स त्यांच्या हातातच असू दिली, पुढे वाकली आणि "हा" केलं. दोघं बापलेक त्या एवढ्याशा वर्तुळावर डोकं लावून बसले. अंगठा आला. राहिला. गेला. काकांचा चेहरा होता तसाच होता, बधिर. फक्त त्यांचा स्वतःचा अंगठा काचेच्या कडेवर, धातूवर, सावकाश पुढेमागे फिरत होता, आणि तो फिरतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

धुकं सरलं तेव्हा काचेवर ओलसर काही उरल्यासारखं लेकीला वाटलं. तिने सवयीने बाही पुढे केली.

"हात मागे!"

ती दचकली. बाहेर मालकांचाही हात रेडिओवर गेला.

"बाही घालतेस? बाही? सकाळपासून ती बाही कुठे कुठे लागली असेल, बसच्या दांड्याला लागली असेल, भाजीच्या पिशवीला लागली असेल, आणि तीच तू..." काकांना धाप लागली. आवाज गंजला होता. मधेच फाटला, पुन्हा लागला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खाली बस. उभी राहू नकोस, बस त्या स्टुलावर. देवाने माणसाला डोळे दिले. दिले की नाही?"

"दिले," छकुली म्हणाली. तिचं नाक वाहत होतं आणि ते पुसायला तिला बाहीसुद्धा वापरायची सोय नव्हती.

"डोळ्यांना पापण्या दिल्या. का दिल्या?"

मालकांनी रेडिओ बंद केला. काउंटरवर तांदळाच्या डब्यावाला फोटोवाला लेन्स न्यायला आला होता; तो काही विचारणार, तेवढ्यात मालकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला बसायला खूण केली.